पदराशी सूर्य, निऱ्यांपाशी व्हॉयेजर

वाचक विचारतात

या खेपेला टपालात आणि व्हॉट्सॲपवर मिळून चार प्रश्न असे आले की चौघांनी ठरवून पाठवले असावेत असं वाटलं. सगळ्यांना आकाशातली अंतरं घरातल्या मापात हवी आहेत. कुणाला किलोमीटर हवेत, कुणाला अर्थ हवा, एकांना तर योजनं हवी आहेत. पहिल्या पत्राला मी भरपूर जागा दिली आहे, बाकीच्यांनी रागावू नये.

प्रश्न : ताई, नातू आठवीत आहे. प्रॉक्झिमा सेंटॉरी हा तारा ४.२४ प्रकाशवर्षांवर आहे, ते अंतर किलोमीटरमध्ये काढा, असा गृहपाठ होता. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर उत्तर आलं ४.०११३ई१३. मी म्हटलं, ई म्हणजे एरर. नातू म्हणतो, उत्तर बरोबर आहे. मी चौतीस वर्षं बँकेत काढली, पण असला आकडा कुठल्या लेजरात पाहिला नाही. हा वाचायचा कसा? आणि असं रूपांतर करताना शून्य इकडेतिकडे होऊ नये म्हणून काय करावं?
– एक निवृत्त बँक कर्मचारी, सुदामानगर, इंदूर

उत्तर : नमस्कार. नातू जिंकला. तो ई म्हणजे एरर नव्हे. दशांशचिन्ह तेरा घरं उजवीकडे सरकवा, एवढंच तो सांगतो. सरकवलंत की होतात ४० लाख ११ हजार ३०० कोटी किलोमीटर. लेजरात नसेल, पण हा आकडा तुम्ही दर फेब्रुवारीत टीव्हीवर पाहता. केंद्र सरकारचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक साधारण ५० लाख कोटी रुपयांचं होतं. म्हणजे किलोमीटरला एक रुपया या दराने सरकार प्रॉक्झिमापर्यंत जाऊ शकेल आणि वर दहा लाख कोटी उरतील. इंदूरचा रिक्षावाला या दराला हो म्हणणार नाही, ते सोडा.

लहानपणी एकं दहं शतं घोकलं असेल तर आणखी एक गंमत. भास्कराचार्यांच्या लीलावतीत संख्यांची नावं कोटीपाशी थांबत नाहीत. पुढे अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि परार्ध अशी दहा-दहापटीने चढत जातात. या शिडीवर एक प्रकाशवर्ष म्हणजे साडेनऊ महापद्म किलोमीटरला थोडं कमी, आणि तुमच्या नातवाचं उत्तर म्हणजे चार शंकू. आपल्या आकाशगंगेची तबकडी एका कडेपासून दुसरीपर्यंत साधारण एक लाख प्रकाशवर्षं धरतात. ती भरते साडेनऊ परार्धांच्या जवळ. म्हणजे आकाशगंगा किलोमीटरने मोजायला शिडीची शेवटची पायरी जेमतेम पुरते.

आता तुमचा खरा प्रश्न, शून्य चुकू नये म्हणून काय करावं. शून्यं मोजून वाचकाला थक्क करणारे लेख मला आवडत नाहीत. थक्क झालेला माणूस हिशेब तपासत नाही. माझ्यावरच हे बेतलं आहे. नोकरीच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी मी फळ्यावर प्रकाशवर्ष लिहिलं ते ९.४६ गुणिले दहाचा पंधरावा घात, आणि पुढे किलोमीटर. पंधरावा घात मीटरचा असतो, किलोमीटरचा बारावा. हजारपटीची चूक, आणि सबंध वर्गाने ती निमूट उतरवून घेतली. तीन दिवसांनी मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, मग भागाकार जमत का नाही?" तेव्हापासून मी थेट उडी मारत नाही. मध्ये एक पायरी घेते.

ती पायरी म्हणजे खगोलीय एकक. पृथ्वी ते सूर्य हे सरासरी अंतर, धोपट मानाने १५ कोटी किलोमीटर. २०१२ पासून त्याची किंमत ठरवूनच टाकली आहे, १४,९५,९७,८७०.७ किलोमीटर, ना कमी ना जास्त. आपल्याला घरी १५ कोटी पुरतात. नेपच्यून ४५० कोटी किलोमीटरवर, भागा पंधराने, ३० एककं. हे तोंडी होतं. आणि एका प्रकाशवर्षात अशी एककं ६३,२४१. म्हणजे किलोमीटरची एककं करायला १५ कोटींनी भागायचं, एककांची प्रकाशवर्षं करायला ६३,२४१ ने. उलट जाताना गुणायचं. प्रत्येक पायरीवर आकडा डोळ्यांत मावतो, त्यामुळे चुकलाच तर खुपतो.

हा ६३,२४१ आकडा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवला होता. कारण माझे वडील.

बाबा इथल्या कापडबाजारात एका पेढीवर माप करायला होते. पेढीवर लोखंडी गज असायचा, ३६ इंची. थान उलगडत बाबा तो इतक्या झपाट्याने फिरवायचे की गिऱ्हाईक मोजायचं विसरून जाई. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापं आली आणि पुढच्या काही वर्षांत गज जाऊन मीटरची पट्टी आली. पण गिऱ्हाईक काही बदललं नाही. बायका येऊन अडीच वारच मागायच्या. बाबांनी स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं, मीटर म्हणजे एक वार आणि वर तीन बोटं. मोजायला गेलात तर ३.३७ इंच. इंचांची वार, वारांची फर्लांग, फर्लांगांचा मैल ही उतरंड त्यांनी माझ्याकडून पाठ करून घेतली होती. १२ इंचांचा फूट, ३ फुटांचा वार, २२० वारांचा फर्लांग, ८ फर्लांगांचा मैल. करा गुणाकार. एका मैलात ६३,३६० इंच.

प्रकाशवर्षात एककं ६३,२४१, मैलात इंच ६३,३६०. फरक ११९ चा, म्हणजे मैलामागे सव्वातीन वार. कुणी मुद्दाम जुळवलेलं नाही, निव्वळ योगायोग आहे, पण फुकट मिळालेला योगायोग वापरू नये असं कुठे लिहिलंय? पृथ्वी ते सूर्य अंतर एक इंच धरलं की प्रकाशवर्ष आपोआप एक मैल होतं. एवढं एक वाक्य लक्षात ठेवलंत तर कॅल्क्युलेटर बाजूला ठेवलात तरी चालेल.

मी हे दिवाळीच्या सुट्टीत रामबागेतल्या आमच्या घरी ओसरीवर मांडलं होतं. आईची जुनी नऊवारी पसरली. नऊ वार म्हणजे ३२४ इंच, सत्तावीस फूट. दारातून आत वळवावी लागली. पदराच्या टोकाशी मिठाचा सगळ्यात बारीक कण ठेवला, तो सूर्य. या मापात सूर्याचा व्यास पाव मिलिमीटरही भरत नाही. त्याच्यापासून एका इंचावर टाचणी टोचली. शेजारचा मुलगा गुडघे टेकून बघत होता. म्हणाला, "आजी, पृथ्वी किधर है?" मी म्हटलं, टाचणीच्या टोकावर आहे असं समज. तो टोक बघत बसला. खरं तर टोकही फार मोठं होतं. पृथ्वी या मापात मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढी. गुरू पाच इंचांवर, शनी साडेनऊवर, युरेनस एकोणीसवर, नेपच्यून तीसवर. सगळे ग्रह पहिल्या वारातच आटोपले. हॅलेचा धूमकेतू सूर्यापासून जास्तीत जास्त लांब जातो तो ३५ इंच, वाराला एक इंच कमी. २०२३ च्या डिसेंबरात तो तिथूनच परत फिरला. उरलेली आठ वार जवळजवळ रिकामी. त्यात सगळ्यात पुढे १९७७ साली सोडलेलं व्हॉयेजर-१ यान. पदरापासून चौदा फुटांवर, म्हणजे साडी नेसली तर निऱ्यांच्या आसपास कुठेतरी. वर्षाला साडेतीन इंच सरकतं. माणसाने केलेली कुठलीही वस्तू याच्यापुढे गेलेली नाही, आणि नऊवारी संपायलाही अजून बरीच बाकी आहे.

आणि तुमचा प्रॉक्झिमा? सव्वाचार मैल, म्हणजे ६.८ किलोमीटर. मिठाचा कण राजवाड्याच्या दाराशी ठेवलात तर पुढचा तारा विजयनगरच्या आसपास. मधे काही नाही. व्याध ८.६ मैल, राऊकडे जा. श्रवण महूच्या जरा पुढे. अभिजित २५ मैल, देवास ओलांडून थोडं. स्वाती साधारण ३७ मैल, एकोणसाठ किलोमीटर, उज्जैनचं दर्शन घेऊन पुढे निघालात की. आकाशगंगेचं केंद्र मात्र गावात भागणार नाही. ते २६-२७ हजार मैल, म्हणजे पृथ्वीला एक प्रदक्षिणा पुरी करून दुसरी सुरू. देवयानी दीर्घिका २५ लाख मैलांवर, चंद्राच्या दसपट लांब. इथे इंचाचं मापही हात टेकतं आणि नवीन माप शोधावं लागतं, पण तो प्रश्न तुमच्या नातवाने विचारला की बघू.

आता माझी फळ्यावरची चूक या मापात घालून बघा. हजारपट मोठं प्रकाशवर्ष म्हणजे प्रॉक्झिमा विजयनगरला नाही, ४,२४० मैलांवर. त्या दिवशी साडी अंथरली असती तर ते तिथल्या तिथे दिसलं असतं.

प्रश्न : प्रकाशवर्षात वर्ष आहे, मग ते वेळेचं माप का नाही? मैत्रिणीशी पैज लागली आहे. लवकर उत्तर द्या.
– एक विद्यार्थिनी, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : अगं, तुझ्या आईला विचार विजयनगर किती लांब आहे. ती किलोमीटर सांगणार नाही, "वीस मिनिटं" म्हणेल. ती अंतरच सांगते आहे, वेळेच्या भाषेत. अडचण एवढीच की तिची वीस मिनिटं सकाळी वेगळी आणि संध्याकाळी सिग्नलला वेगळी. प्रकाशाला सिग्नल नाही. निर्वात जागेत तो सेकंदाला २,९९,७९२.४५८ किलोमीटर जातो, कुणीही कुठूनही मोजला तरी तेवढाच. म्हणून तो एका वर्षात जितका जातो ते अंतर पक्कं. वर्ष कुठलं, असं मैत्रीण विचारेल. सांग, ३६५.२५ दिवसांचं. गुणाकार केलास तर ९ लाख ४६ हजार कोटी किलोमीटर येतात.

याच चालीवर चंद्र सव्वा सेकंदाच्या किंचित पुढे आणि सूर्य ८ मिनिटं १९ सेकंदांवर. तुझी फूटपट्टी आहे ना, ३० सेंटिमीटरची? प्रकाश ती एका सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागात ओलांडतो, अगदी जेमतेम कमी पडून. तर दप्तरात एक प्रकाश-नॅनोसेकंद घेऊनच तू शाळेत जातेस. पैज कितीची होती ते कळव.

प्रश्न : मॅडम, मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. १ पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं हे पाठ आहे, पण हा ३.२६ आला कुठून? प्रकाशवर्ष असताना आणखी एक माप कशाला?
– एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : हात लांब करून अंगठा धरा. आधी डावा डोळा मिटा, मग उजवा. अंगठा मागच्या भिंतीवर उडी मारतो. अंगठा जवळ आणलात तर उडी मोठी, लांब नेलात तर छोटी. यालाच पॅरॅलॅक्स म्हणतात, आपल्या पुस्तकांत पराशय.

खगोलशास्त्रज्ञ हेच करतात, फक्त त्यांचे दोन डोळे म्हणजे पृथ्वीच्या सहा महिन्यांच्या अंतराने असलेल्या दोन जागा. मधलं अंतर दोन एककं. पहिल्या उत्तरातलं माप आठवा, दोन इंच. तुमच्या दोन डोळ्यांत अडीच इंचांचं अंतर असतं. म्हणजे आमच्या इंदूरच्या हिशेबात राजवाड्यापाशी उभं राहायचं, विजयनगरमधल्या एका दिव्याकडे आळीपाळीने एकेक डोळा मिटून पाहायचं, आणि तो दिवा किती हलला ते सांगायचं. हे शतकानुशतकं कुणाला जमलं नाही, आणि तारे हलताना दिसत नाहीत म्हणजे पृथ्वी फिरतच नाही, असा निष्कर्ष कित्येकांनी काढला. त्यांना हसू नका. विजयनगरचा दिवा बघून या आणि मग बोला.

१८३८ मध्ये बेसेल यांनी हंस तारकासमूहातल्या ६१ सिग्नी या ताऱ्याची उडी पकडली. तिचा अर्धा भाग भरला ०.३१ विकला, विकला म्हणजे अंशाचा छत्तीसशेवा भाग. नियम असा की पूर्ण उडीचा अर्धा घ्यायचा, म्हणजे एका एककाने झालेला कोन. तो कोन बरोबर एक विकला असेल तेव्हाच्या अंतराला एक पार्सेक म्हणायचं. नाव हर्बर्ट हॉल टर्नर यांनी १९१३ मध्ये सुचवलं, पॅरॅलॅक्स आणि सेकंद यांची मोडतोड करून. एक इंच लांबी एका विकलेएवढी दिसायला किती दूर जावं लागेल? २,०६,२६५ इंच. त्याचे झाले ५.२४ किलोमीटर, म्हणजे ३.२६ मैल. मैलाच्या जागी प्रकाशवर्ष ठेवा. आला तुमचा ३.२६.

आणखी एक माप कशाला, याचं उत्तर त्यांच्या वहीत आहे. दुर्बिणीतून कोन मिळतो, किलोमीटर मिळत नाहीत. कोन हातात आला की एकाला त्याने भागायचं, पार्सेक तयार. प्रॉक्झिमाचा कोन ०.७६८ विकला, १ भागिले ०.७६८ म्हणजे १.३० पार्सेक. मधे १५ कोटीही नाहीत आणि प्रकाशाचा वेगही नाही. २०१३ मध्ये सोडलेल्या गाया यानाने शंभर कोटींहून जास्त ताऱ्यांसाठी हेच केलं.

खगोलीय एककही अशाच सोयीतून आलं, हे परीक्षेत विचारणार नाहीत पण सांगते. केप्लरच्या नियमांनी ग्रहांच्या अंतरांची आपसातली प्रमाणं सतराव्या शतकातच कळली होती. गुरू सूर्यापासून आपल्या ५.२ पट लांब, शनी ९.५ पट. नकाशा अचूक होता, फक्त त्याच्या कोपऱ्यात "एक इंचाला इतके मैल" हे लिहायचं राहिलं होतं. ते नीट लिहिता आलं १९६१ मध्ये, शुक्रावर रडारच्या लहरी आपटून परत आल्या तेव्हा. तोवरची शुक्राच्या अधिक्रमणांची, म्हणजे शुक्र सूर्यासमोरून सरकताना टिपण्याची सगळी धावपळ, जहाजं आणि मोहिमा, त्या कोपऱ्यातल्या एका ओळीसाठी होती.

प्रश्न : एक योजन म्हणजे नक्की किती किलोमीटर? आमच्या ग्रुपवर आलं होतं की आपल्या पूर्वजांनी पृथ्वीचा व्यास अचूक दिला होता. खरं का?
– एक ज्येष्ठ वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : काका, ग्रुपवाल्यांना आधी विचारा, कोणाचं योजन? आर्यभटांनी पृथ्वीचा व्यास १,०५० योजनं दिला आहे. सूर्यसिद्धांतात तोच १,६०० योजनं आहे. पृथ्वी एकच, तर योजनं दोन असणार, किंवा उत्तरं दोन.

ग्रुपवर काय करतात ते सांगते. आजचा व्यास १२,७४२ किलोमीटर, त्याला १,०५० ने भागायचं, योजन आलं १२.१ किलोमीटरचं. मग त्या १२.१ ने १,०५० ला गुणायचं आणि म्हणायचं, बघा, व्यास अचूक! सूर्यसिद्धांताचं करायचं असेल तर योजन ८ किलोमीटरचं करून टाकायचं. कापड आधी फाडायचं आणि मग त्याच्या बरोबरीचा गज कापायचा असं आहे हे. बाबांच्या पेढीवर असं कुणी केलं असतं तर दुसऱ्या दिवशी बाजारभर झालं असतं.

योजन स्वतंत्रपणे मोजायचं असेल तर वाट आर्यभटांनीच दिली आहे. एक योजन म्हणजे ८,००० नृ, आणि नृ म्हणजे माणसाची उंची. आता माणूस कुठला? मी १ मीटर ५५ सेंटिमीटर. माझ्या उंचीने योजन १२.४ किलोमीटर आणि पृथ्वीचा व्यास १३,०२० किलोमीटर. टाचण्या बघायला आलेल्या त्या मुलाचा बाप सहा फुटी आहे, १ मीटर ८३. त्याच्या उंचीने योजन १४.६ आणि व्यास १५,३७२. कुणीही घेतला तरी आकडा हजारोंतला, पृथ्वीच्या खऱ्या मापाच्या शेजारचा, आणि पंधराशे वर्षांपूर्वीच्या माणसाला एवढ्यासाठीसुद्धा मी हात जोडते. "अचूक" हा शब्द ग्रुपने घातलेला आहे, आर्यभटांनी नाही. तुमची उंची किती तेवढी कळवा. आतापर्यंत सगळ्यात जवळ मी आहे, आणि आमच्या घरात बुटकी म्हणून मला चिडवतात.